असिस्टंट लोको पायलट की जिल्हा परिषद शिक्षक? पगार, भत्ते, पेन्शन यांचा खरा हिशोब

तापीकाठचा

राम राम मंडई.

धाकट्या भावाकडे दोन्हीकडचे कागद तयार आहेत. आयटीआय इलेक्ट्रिशियन, त्यानंतर डी.एल.एड., टीईटीचा पहिला पेपर पास. वय २४, घर अमळनेर तालुक्यात. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो रेल्वे, दुसरा म्हणतो मास्तरकी. दोघांच्याही हातात फक्त मूळ पगाराचा आकडा आहे: रेल्वेत १९,९०० आणि शाळेत २९,२००. एवढ्यावर ठरवायचं का? जाणकारांनी भत्ते, कपात, पेन्शन, बदली असं सगळं मांडावं. "आवडीचं काम कर" हा सल्ला गावात भरपूर मिळतो, इथं नको.

---

लॉबी_नंबर_एक

भाऊ, १९,९०० विरुद्ध २९,२०० ही तुलनाच चुकीची आहे. आधी रेल्वेची बाजू सांगतो.

असिस्टंट लोको पायलट हा सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल २ मध्ये लागतो, मूळ पगार १९,९००. पण रनिंग स्टाफच्या (गाडीवर काम करणाऱ्यांच्या) पगारात एक गोम आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. मूळ पगाराच्या ३० टक्के रक्कम "पे एलिमेंट" म्हणून धरतात. ही रक्कम वेगळी हातात येत नाही, ती मायलेजमध्ये (किलोमीटरवर मिळणाऱ्या भत्त्यात) धरलेलीच असते. मात्र महागाई भत्ता आणि घरभाडे काढताना मूळ पगारात हे ३० टक्के मिळवतात.

आकडे घ्या. महागाई भत्ता ५५ टक्के धरतो, म्हणजे जानेवारी २०२५ चा दर. राज्यानंही त्या तारखेपासून तोच दिला, त्यामुळे तुलना सम राहते.

१९,९०० चे १.३ पट = २५,८७०
त्यावर महागाई भत्ता = १४,२२९
घरभाडे १० टक्के = २,५८७
मूळ पगार धरून एकूण = ३६,७१६

मायलेज याच्या वर. घरभाडं १० टक्के का? घरभाड्यासाठी शहरांचे वर्ग पाडलेत; जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ सगळे झेड वर्गात. मालेगाव आणि नाशिक वाय वर्गात आहेत, तिथं २० टक्के.

ट्रेनिंगच्या काळात मात्र रनिंगचं काहीच नाही. मूळ पगार आणि त्यावरचा महागाई भत्ता धरा, म्हणजे ३०,८४५.

---

हजेरीपट

आता शाळेची बाजू. पहिली चूक दुरुस्त करतो: २९,२०० पहिल्या दिवशी मिळत नाही. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन दरमहा १६,०००, तेही १ जानेवारी २०२३ पासून. त्याआधी ६,००० होतं. त्यावर महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, वेतनवाढ नाही. तीन वर्षं झाली की नियमित वेतनश्रेणी एस-१०, म्हणजे २९,२०० ते ९२,३००.

नियमित झाल्यावर:

मूळ २९,२००
महागाई भत्ता ५५ टक्के = १६,०६०
घरभाडे = २,९२०
वाहतूक भत्ता = १,३५०
एकूण ४९,५३०

यातून एनपीएसला (राष्ट्रीय पेन्शन योजनेला) मूळ आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के म्हणजे ४,५२६, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००), शिवाय गटविमा. हातात ४४ हजार आठशेच्या आतबाहेर.

---

बेरीज_वजाबाकी

दोघांचे आकडे एका खाली एक मांडतो.

पहिले ३६ महिने: शिक्षण सेवक १६,००० × ३६ = ५,७६,०००. रेल्वेत अगदी ट्रेनिंगचाच दर तिन्ही वर्षं धरला, वेतनवाढ आणि मायलेज शून्य धरलं, तरी ३०,८४५ × ३६ = ११,१०,४२०. फरक ५,३४,४२०. रेल्वेवाल्याचे त्यातले १० टक्के एनपीएसला जातात, पण तेही त्याचेच, आणि सरकार वरून १४ टक्के टाकतं.

चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला: असिस्टंटचा मूळ पगार तीन वाढींनंतर २१,७००. त्याचे १.३ पट २८,२१०, महागाई भत्ता १५,५१६, घरभाडं २,८२१. एकूण ४०,०३७. शिक्षक ४९,५३०. म्हणजे इथून मास्तर ९,४९३ रुपयांनी पुढे. ही दरी असिस्टंटला मायलेजमधून भरावी लागते.

आयकराची भानगड सध्या बाजूला ठेवा. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही, दोघंही बरीच वर्षं त्याच्या आत आहेत.

---

तापीकाठचा

वा, हेच हवं होतं. मग मायलेज किती धरायचं? कोणी म्हणतं पगाराएवढंच मिळतं.

---

लॉबी_नंबर_एक

पगाराएवढं म्हणणारा एक तर मेल-एक्स्प्रेसच्या लोको पायलटबद्दल बोलतोय, नाही तर लग्नाच्या बोलणीत बसलाय.

मायलेज हे किलोमीटरवर मिळतं, तासावर नाही. सगळा खेळ इथंच आहे. भुसावळ ते इगतपुरी तीनशे किलोमीटरच्या थोडं वर. गाडी सुटसुटीत धावली तर एका ड्युटीत तेवढे किलोमीटर पडतात. मालगाडी लूपमध्ये (बाजूच्या रुळावर) चार तास उभी राहिली तर ड्युटी तितक्याच तासांची, किलोमीटर निम्मे. नवीन असिस्टंटला बहुतेक मालगाडीच मिळते. शेडमध्ये किंवा यार्डात लावलं तर मायलेज आणखी घसरतं. म्हणून वरची ९,४९३ ची दरी नियमित चालणाऱ्या गाड्यांवर भरून निघते आणि वर शिल्लकही राहते, पण लांब सुट्टी, आजारपण किंवा शेडची ड्युटी असलेल्या महिन्यात निघत नाही.

बँक कर्ज देताना हप्ता ठरवायची वेळ आली की मायलेज धरू नका. हप्ता ४०,०३७ वरच बसवा. यात पोरं फसतात: चांगल्या महिन्याची स्लिप दाखवून गाडी घेतात आणि पुढच्या महिन्यात किलोमीटर कमी पडतात.

---

कळण्याची_भाकरी

तासांचं पण लिहा ना कोणी. पगाराला तासांनी भागल्याशिवाय तुलना कसली?

---

लॉबी_नंबर_एक

बरोबर ताई.

रनिंग स्टाफचा हिशोब पंधरवड्याला १०४ तासांचा. कॉल साधारण दोन तास आधी येतो आणि तो रात्री दीडला पण येतो. साइन ऑन करताना ब्रेथ ॲनालायझर. हेडक्वार्टरला परत आल्यावर ड्युटी आठ तास किंवा जास्त असेल तर १६ तास विश्रांती, कमी असेल तर १२ तास. बाहेरगावी आठ तासांच्या वर ड्युटी झाली तर रनिंग रूममध्ये (रेल्वेच्या विश्रांतिगृहात) ८ तास. साप्ताहिक सुट्टी रविवारची नसते. महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच विश्रांत्या. रनिंग रूममध्ये घालवलेले तास ड्युटीत मोजले जात नाहीत, पण घरी पण नसतात. "१०४ तास" वाचून भुलू नका.

रात्री १० ते सकाळी ६ च्या कामाला रात्रपाळी भत्ता आहे, पण मूळ पगार ४३,६०० च्या वर गेला की तो बंद. ज्येष्ठ लोको पायलट इथंच चिडलेले असतात.

---

हजेरीपट

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. तयारी धरून आठवड्याला ४५ तास. कागदावर हे सुंदर दिसतं. त्यात यू-डायस (शाळेची माहिती ऑनलाइन भरणं), पोषण आहाराची नोंद, मतदार यादीचं काम, निवडणूक, जनगणना, आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री साडेनऊला "आजच माहिती पाठवा" हे जमेस धरा. तरी झोप घरच्या अंथरुणात होते, हे कबूल.

उन्हाळी आणि दिवाळी सुट्टी आहे म्हणून शिक्षकाला अर्जित रजा फार कमी. निवृत्तीच्या वेळी रजा रोखीकरणात रेल्वेवाला ३०० दिवसांचा पगार घेतो, शिक्षकाच्या खात्यात तेवढ्या रजा साठतच नाहीत. रेल्वेत वर्षाला ३० दिवस पगारी रजा जमा होते. हा फरक शेवटी काही लाखांचा असतो आणि सुरुवातीला कोणी मोजत नाही.

---

सातपुडा_चढण

नंदुरबारकडच्या पोरांसाठी: अक्कलकुवा, धडगाव, तोरणमाळ या भागात नेमणूक झाली तर दोन गोष्टी वाढतात. आदिवासी क्षेत्राचा प्रोत्साहन भत्ता मूळ पगाराच्या १५ टक्के, पण कमाल १,५०० रुपये. २९,२०० चे १५ टक्के ४,३८० होतात, मिळतात १,५००. दुसरी एकस्तर वेतनश्रेणी, ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाची. तिथं काम करेपर्यंत एक पायरी वरची श्रेणी. तिथून खाली बदली झाली की एकस्तर निघून जाते, आणि काहींच्या बाबतीत उशिरा कळल्यामुळे वसुली लागते. बदलीच्या महिन्यात सेवापुस्तकात नोंद झाली का ते स्वतः पाहायचं. लिपिकावर सोडायचं नाही.

घरभाड्याचा वाद पण तिथंच. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागतात. पाड्यावर भाड्याची खोलीच नसली तर शहाद्याहून जाणं-येणं करणाऱ्याचं घरभाडं कधीही अडकू शकतं.

---

बेरीज_वजाबाकी

पदोन्नतीचा आकडा राहिला.

असिस्टंट, सीनियर असिस्टंट, शंटर, मग लोको पायलट मालगाडी, पॅसेंजर, मेल. मालगाडीचा लोको पायलट झाला की लेव्हल ६, पहिली पायरी ३५,४००. त्याचा हिशोब: १.३ पट ४६,०२०, महागाई भत्ता २५,३११, घरभाडं ४,६०२, एकूण ६५,३१३, मायलेज वेगळं आणि असिस्टंटपेक्षा चढ्या दरानं. हे किती वर्षांत होईल ते जागांवर अवलंबून. अडकलाच तर १०, २०, ३० वर्षांवर एमएसीपी (पदोन्नतीविना मिळणारी वरची श्रेणी) आहे.

शिक्षकाच्या नोकरीला दहा वर्षं (तीन सेवक, सात वाढी) झाली की मूळ ३५,९००: महागाई भत्ता १९,७४५, घरभाडं ३,५९०, वाहतूक १,३५०. एकूण ६०,५८५. पुढे १२ वर्षांवर वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांवर निवडश्रेणी. पण निवडश्रेणी पात्र असलेल्यांपैकी फक्त २० टक्क्यांना. राज्याच्या इतर कर्मचाऱ्यांची १०-२०-३० ची योजना शिक्षकांना नाही.

आणि वरिष्ठ श्रेणी आपोआप लागत नाही. त्यासाठीचं प्रशिक्षण पूर्ण करून प्रस्ताव द्यावा लागतो. नोंदणीची खिडकी उघडली की भरायची, चुकली की पुढच्या तुकडीची वाट.

---

मेडिकल_बोर्ड

सगळे पगार मोजताय, डोळे कोणी मोजले का?

असिस्टंट लोको पायलटला ए-१ वैद्यकीय वर्ग लागतो. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६, फॉगिंग टेस्टसह. म्हणजे +२ ची काच लावल्यावर स्पष्ट दिसता कामा नये. स्पष्ट दिसलं तर छुपा प्लस नंबर आहे, आणि उमेदवार बाद. रंगदृष्टी, दोन्ही डोळ्यांची मिळून दृष्टी, रात्रीची दृष्टी हेही तपासतात. लेझरनं नंबर काढलेला चालत नाही. हे सगळं परीक्षेच्या शेवटी येतं, दीड-दोन वर्षं अभ्यास झाल्यावर. म्हणून क्लासची फी भरायच्या आधी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन "रेल्वे ए-१ साठी, फॉगिंगसह" असं स्पष्ट सांगून तपासून घ्या. नुसता "नंबर आहे का" विचारलं तर ते फॉगिंग करतीलच असं नाही.

नोकरीत पण तपासणी चालूच: ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, ४५ ते ५५ दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. नापास झाला तर नोकरी जात नाही, पर्यायी पद मिळतं आणि मूळ पगारात ३० टक्के मिळवून वेतननिश्चिती होते. मायलेज मात्र कायमचं बंद. शुगर आणि बीपी घराण्यात असेल तर हा धोका पगाराच्या हिशोबात धरायचा.

दवाखान्याच्या बाजूनं रेल्वे सरस. भुसावळला विभागीय रेल्वे हॉस्पिटल, तिथून पुढे रेफर. शिक्षकाला आधी खिशातून भरायचं, मग प्रतिपूर्तीचा प्रस्ताव. तोही २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांच्या यादीत बसला तर. त्यात डिस्चार्ज कार्डावर "आकस्मिक दाखल" असा शब्द नसला की फाइल परत येते. दाखल होतानाच तो लिहून घ्या. मूळ बिलं जोडताना झेरॉक्सचा एक संच घरी ठेवा.

---

कळण्याची_भाकरी

पोरांच्या शिक्षणाचं रेल्वेत काय?

---

लॉबी_नंबर_एक

बालशिक्षण भत्ता महागाई भत्ता ५० टक्के झाल्यापासून महिन्याला २,८१२.५० प्रति मूल, दोन मुलांपर्यंत. दोघांचे मिळून वर्षाला ६७,५००. शिवाय उत्पादकतेशी जोडलेला बोनस: ७८ दिवसांचा, कमाल १७,९५१. पगार कितीही असो, हिशोब ७,००० वरच. पास पहिली पाच वर्षं वर्षाला एक संच, पुढे तीन.

---

हजेरीपट

शिक्षकाला बोनस नाही. दिवाळीला १२,५०० उचल मिळते, दहा हप्त्यांत परत. तिला लोक बोनस समजतात.

---

सातपुडा_चढण

पेन्शन?

---

बेरीज_वजाबाकी

दोघंही नव्या भरतीचे, जुनी पेन्शन दोघांना नाही. त्यामुळे जुन्या ड्रायव्हरांची "मूळ पगारात ५५ टक्के मिळवून पेन्शन" ऐकून आकडे बांधू नका, ते २००४ पूर्वी लागलेल्यांचं.

केंद्राकडे १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शनचा पर्याय: २५ वर्षं सेवा, शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के. राज्याकडे १ मार्च २०२४ पासूनची सुधारित योजना: २० वर्षं सेवा, शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के, वर महागाई वाढ. इथं राज्याची अट हलकी आहे, आणि उशिरा लागणाऱ्याला २० वर्षं फार महत्त्वाची.

पण निवृत्तीचं वय! रेल्वे ६०, शिक्षक ५८. शेवटची दोन वर्षं म्हणजे कारकिर्दीतला सगळ्यात मोठा पगार, २४ महिने. उपदानाची (ग्रॅच्युइटीची) कमाल मर्यादा केंद्रात २५ लाख, राज्यात २० लाख (१ सप्टेंबर २०२४ पासून, आधी १४).

---

तापीकाठचा

एवढं सगळं वाचून कल रेल्वेकडे जातोय. पण अमळनेरला राहून नोकरी होईल का?

---

लॉबी_नंबर_एक

इथं खान्देशातली पोरं हमखास चुकतात. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही ताप्ती लाइन पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात. भुसावळ, चाळीसगाव मध्य रेल्वेत. अर्ज करताना एकच भरती मंडळ निवडता येतं. भुसावळ विभागासाठी मुंबई मंडळ. पुढे रेल्वेचा पसंतीक्रम भरताना "अमळनेर आपलं, म्हणून जवळचं" असं समजून क्रम लावू नका, विभागाचा नकाशा समोर ठेवा. आणि स्वतःच्या विनंतीनं विभाग बदलला की ज्येष्ठता तळाला जाते, म्हणजे पदोन्नती लांबते.

---

हजेरीपट

शाळेतही तेच. आंतरजिल्हा बदलीनं आलं की नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता शून्यापासून. पवित्र पोर्टलवर (शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर) प्राधान्यक्रम लॉक करताना पोरं घाईत सगळे जिल्हे टाकतात, मग कोकणात निवड होते आणि परतीची वाट पाहत बसतात. जिथं जायची खरोखर तयारी आहे तेवढेच जिल्हे टाका. मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय हे दोन वेगळे प्रकार आहेत. जिल्हा परिषद मुलाखतीशिवाय, खासगी संस्था बहुतेक मुलाखतीसह.

---

बेरीज_वजाबाकी

परीक्षेचं गणित पण वेगळं.

शिक्षक: टीईटी १५० पैकी ९०, आरक्षित प्रवर्गाला ५५ टक्के. मग अभियोग्यता चाचणी २०० प्रश्न, १२० मिनिटं. ती दरवर्षी होत नाही; २०१७, २०२३, २०२५ अशी झाली. टीईटी आधीच पास आहे हे बरं. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही ती बंधनकारक झाली.

रेल्वे: पहिली संगणक परीक्षा ७५ प्रश्न, ६० मिनिटं. दुसरीचा भाग अ १०० प्रश्न, ९० मिनिटं. भाग ब आयटीआयच्या ट्रेडवर, ३५ टक्के आवश्यक. त्यानंतर संगणकावरची ॲप्टिट्यूड चाचणी, प्रत्येक बॅटरीत (उपचाचणीत) टी-स्कोअर (प्रमाणित गुण) किमान ४२, कुठल्याही प्रवर्गाला सूट नाही. एका बॅटरीत ४१ आले तरी बाद. अंतिम गुणवत्तेत ७० टक्के भाग अ चे, ३० टक्के या चाचणीचे.

प्रवर्गाचा दाखला: राज्याचं एसईबीसी आरक्षण रेल्वेत चालत नाही. अटीत बसत असाल तर तिथं ईडब्ल्यूएस. ओबीसी असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला आणि चालू नॉन-क्रीमीलेअर. कागदपत्र पडताळणीच्या दिवशी राज्याचा नमुना घेऊन गेलेल्याचं काही ऐकत नाहीत.

---

मेडिकल_बोर्ड

वयाचं बघा. रेल्वेला खुल्या प्रवर्गात ३० पर्यंत, ओबीसीला ३ आणि अनुसूचित जाती-जमातीला ५ वर्षं सूट. शिक्षकाला ३८, आरक्षिताला ४३. भाऊ २४ चा आहे. रेल्वेचं दार आधी बंद होणारं आहे, शाळेचं उघडं राहतं. डोळे पास असतील तर आधी रेल्वेचे दोन प्रयत्न, बाजूला अभियोग्यता चाचणी आली की तीही द्यायची. दोन्हीच्या बुद्धिमत्तेच्या भागाचा अभ्यास बराच एकच आहे.

---

सातपुडा_चढण

पगार दखा, पन झोप बी दखा भो. तीन पहाटेला कॉल येणार हे ज्याला झेपत नाही त्यानं पाच लाख चौतीस हजार मोजू नयेत.

---

तापीकाठचा

समजलं. सोमवारी जळगावला नेत्रतज्ज्ञाची वेळ घेतली आहे. फॉगिंग स्पष्ट सांगून. रिपोर्ट आला की पुढचं इथंच विचारतो. तोवर कोणाकडे लेव्हल २ चं पूर्ण वेतन कोष्टक असेल तर टाका, २१,७०० च्या पुढच्या पायऱ्या हव्यात.

---

बेरीज_वजाबाकी

२२,४००, मग २३,१००. दर वर्षी साधारण ३ टक्के, शंभराच्या पटीत. वाढ जानेवारी किंवा जुलैत, आणि मध्ये सहा महिने पूर्ण भरावे लागतात. रुजू व्हायची तारीख २ जुलै आणि १ जुलै यात निवडायला मिळाली तर १ जुलै घ्या.